सहाच्या पेल्याला दहापैकी किती

आधी खालांचं सांगते, बाकीचं मग. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे, ती त्यांची. बाराही महिने त्यांच्या पापण्यांवर पीठ असतं आणि बोलणं चक्कीच्या आवाजावर चढवलेलं. पहिल्यांदा ज्वारी दळायला गेले तेव्हा म्हणाल्या, "उभी काहून राह्यली? डब्बा ठेव अन् जाय!" मला वाटलं, या बाईचं माझ्याशी काहीतरी वैर आहे. अमरावतीत माणसं आपलेपणाने असंच बोलतात आणि खरा राग आला की गप्प होतात, हे कळायला मला वर्ष लागलं. आज मी या घरात आहे, माझी पेटी माझ्या खोलीत पलंगाखाली आहे, ती खालांमुळे. डॉक्टर, इंजिनिअर, एक निवृत्त अधिकारी आणि फोनमधल्या असंख्य अनोळखी तज्ज्ञांना मिळून महिनाभरात जे जमलं नाही, ते खालांनी एका दुपारी केलं. तेही चक्की बंद न करता.

मी कोकणातली. आठवी अर्धी झाली आणि शाळा सुटली. म्हणजे शाळा जागच्या जागी होती, मी सुटले. घरात खाणारी तोंडं वाढली होती आणि हात कमी पडत होते. आत्या अमरावतीला मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करायची, तिने बोलावलं. दोन गाड्या बदलून मी आले. पुढे मेस बंद पडली, आत्या गावी परतली. मी राहिले, कारण परत का आलीस असं गावात कोणी विचारलं तर काय सांगायचं हे मला सुचेना. मला आधीपासूनच कोणी प्रश्न विचारला की घाम फुटतो.

अशा मला काम मिळालं ते एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरी. सगळं गाव त्यांना बाईच म्हणतं, मीही. वय शहात्तर, चष्मा नाकावर, लाल पेन कायम ब्लाउजला खोचलेलं. कामाचं बोलायला गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "शाळा का सोडलीस?" आणि दुसरा, "पाढे कुठपर्यंत येतात?" मी म्हटलं, सतरापर्यंत. "अठराचा पुढच्या सोमवारी म्हणून दाखव," असं म्हणून त्यांनी मला ठेवून घेतलं. स्वयंपाक येतो का, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.

बाईंचं संध्याकाळचं एक पक्कं होतं. सहाच्या ठोक्याला कॉफी. दूध जास्त, साखर बरी, कॉफी बेताची आणि वर जायफळ. मी दूध तापवून द्यायचे. पुढचं सगळं त्यांचं. ताटलीत कॉफीचा डबा, पितळी पेला आणि बोटभर किसणी असायची. त्या किसणीवर जायफळ असं फिरवायच्या, जणू फळ्यावर उतारा लिहून देताहेत. मग पेला घेऊन पेपर उघडायच्या आणि त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकांना लाल गोल करायच्या. एवढं झालं की त्यांचा दिवस संपायला हवा. तो संपत मात्र नसे. झोप यायची नाही, सकाळी डोकं जड, चिडचिड. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, संध्याकाळची कॉफी बंद. चहासुद्धा नको. दुसरं काहीतरी गरम, हलकं घ्या.

काहीतरी गरम, हलकं. डॉक्टरांनी हे दोन शब्द उच्चारले आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब परीक्षेचा हंगाम सुरू झाला.

बाईंचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, मोठ्या हुद्द्यावर. मी त्यांना दादा म्हणते. त्यांनी व्हिडिओ कॉल करून मला समोर बसवलं. ते कायम शांतपणे बोलतात, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाले, "हे बघ, आईची झोप महत्त्वाची आहे. महिनाभर बघू. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर अकोल्याला एक एजन्सी आहे, ते ट्रेन केलेली बाई पाठवतात. तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण त्या शिकलेल्या असतात ना." मी म्हटलं, हो दादा. फोन बंद झाल्यावर मी पहिलं काय केलं असेल तर कॉफीचा डबा, पितळी पेला, किसणी, जायफळ, सगळी ताटलीच उचलून वरच्या फडताळात टाकली आणि वर कुलूप लावलं. मोह समोर नको म्हणून. फार हुशारीचं काम केलं असं तेव्हा वाटलं होतं.

मग सल्ले यायला लागले.

एक सांगायला हवं. वऱ्हाडात कोणाला चहा नको म्हणणं ही गोष्ट सोपी नाही. मे महिन्यात रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटतं, तेव्हाही दारात आलेल्याला आधी पाणी आणि लगेच कडक चहा. नको म्हटलं की घरचे चेहरे पडतात. "काहून? आमच्या घरचा चालत नाही काय?" त्यामुळे बाई संध्याकाळी चहा-कॉफी घेत नाहीत ही बातमी गल्लीत आजारपणासारखी पसरली आणि लोक भेटायला यायला लागले. येणाऱ्याला मी अर्थातच चहा करून द्यायचे. ते बाईंसमोर फुरके मारत चहा प्यायचे आणि चहा सोडल्याचे फायदे सांगायचे.

पहिला सल्ला दादांचाच आला. त्यांनी एक व्हिडिओ पाठवला. त्यात पांढऱ्याशुभ्र स्वयंपाकघरात एक बाई अतिशय हळू आवाजात, जणू मूल झोपलंय अशा, दुधात हळद घालत होती. त्याचं नाव इंग्रजीत होतं आणि सोन्यावरून ठेवलेलं होतं. आमच्याकडे हे पडसं झालं की नाक दाबून पाजतात. फक्त त्या बाईने मिरपूड घालून फेस आणला होता. मी रवीने घुसळून फेस आणला. बाईंनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि पेपरच्या कोपऱ्यावर लाल पेनाने लिहिलं: दहापैकी तीन. अक्षर बरे.

"अक्षर कुठलं बाई?"

"फेस छान आणलास. पण मी आजारी नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी शंभर पानी वही काढली, समास आखले आणि तारखा घातल्या. म्हणाल्या, रोज एक पदार्थ, रोज गुण, पस्तीस टक्क्यांच्या खाली नापास. मी शाळेतून पळून सातशे-आठशे किलोमीटर लांब आले होते. शाळा माझ्या मागे मागे येऊन स्वयंपाकघरात बसली.

वहिनींनी पुण्याहून कुरिअरने एक नाजूक डबी पाठवली. आत कसलीशी वाळलेली निळी फुलं. गरम पाण्यात टाकली की पाणी निळंशार. वर लिंबू पिळलं की जांभळं. आम्ही दोघी पाहतच राहिलो. बाईंनी पेला उजेडात धरला. "शाळेत शाईच्या दौती धुवायचो तेव्हा असंच पाणी निघायचं," म्हणाल्या. दहापैकी दोन. प्रयोगवही सुरेख, निष्कर्ष नाही.

समोरचे काका जंगल खात्यातून निवृत्त झालेले. सेमाडोहच्या जंगलात असताना आपण रोज एक काढा प्यायचो आणि वाघासमोरही उभे राहायचो, असं ते सांगतात. वाघांचं मत कोणी विचारलेलं नाही. ते स्वतः पातेलं घेऊन आले. त्यात तुळस, गवती चहा, ज्येष्ठमध, दालचिनी, अडुळसा आणि एक साल होती, तिचं नाव ते सांगेनात.

"काका, हे कशाचं?"

"ते इचारू नोको. पी म्हणतो तं पी. मी तं बाईले सांगतो, आठ दिवसांत घोरून राह्यल्या नाही तं माह्यं नाव बदला."

बाईंनी प्यायला. चेहरा हलू दिला नाही, शेवटी तीस वर्षं वर्ग सांभाळलेला. काका गेल्यावर लिहिलं: चार. उत्तर बरोबर, पण प्रश्न वेगळा होता.

सुंठ-गुळाचं पाणी केलं, साडेचार. ओव्याचं केलं, तीन, "पोट दुखत असल्यास पुन्हा तपासू." बडीशेप घालून दूध दिलं तर पाच मिळाले, मी हरखले आणि दुसऱ्या दिवशी तेच दिलं. बाईंनी दीड दिला. "पाठांतर," असं समासात लिहिलं. तोवर वीस दिवस झाले होते. झोप तशीच. दादा दर रविवारी शांतपणे विचारायचे, "काही प्रगती?"

आता माझी चूक सांगते. ती दुसऱ्या कोणाकडून झाली नसती, कारण इथल्या कोणालाही ते सुचलं नसतं.

बाईंच्या पुतण्याने हिवरखेडहून ज्वारी पाठवली होती. मला वाटलं, आंबील करावी. आमच्याकडे नाचणीची आंबील म्हणजे रोजचीच गोष्ट. ज्वारीचं पीठ आंबट ताकात भिजवलं, लसूण-जिरं ठेचलं, खोबऱ्याचे काप घातले. नेहमीचं पातेलं आदल्या दिवशी करपलं होतं. माळ्यावर एक जाड बुडाचा पितळी गंज होता, म्हणजे इकडचं मोठं पातेलं, कपड्यात गुंडाळलेला, आतून कल्हई चकचकीत. मी मनात म्हटलं, एवढं चांगलं भांडं कोणी वापरत कसं नाही! काढला, घासला, चुलीवर चढवला.

बाई तेव्हा पडल्या होत्या. उठून आल्या, वाटी घेतली, दुसरी घेतली. वही मात्र उघडली नाही. मला वाटलं, आता आठ तरी मिळणार.

तेवढ्यात भांडी घासणाऱ्या काकू आल्या. दर्यापूरच्या, आवाज एसटीच्या कंडक्टरसारखा. त्यांनी गंज पाहिला आणि कमरेवर हात ठेवला.

"अवो माय! महालक्ष्म्यांचा गंज? आत्ता? अन् आंबील?"

मग मला कळलं. इथे ज्वारीची आंबील म्हणजे महालक्ष्म्यांच्या, आमच्याकडच्या गौरींच्या, जेवणाचा मान. तो गंज वर्षातून एकदाच, त्या तीन दिवसांत खाली उतरतो. भलत्या महिन्यात तो चुलीवर चढला, म्हणजे एकच अर्थ.

"नवस फेडून राह्यल्या ना बाई? कशाचा? पोरगा पुण्याहून परत येऊन राह्यला काय?"

"नाही हो काकू, मी तर नुसती..."

"नुसती कशी? नुसती आंबील कोणी करते काय? मले पयले सांगाले पायजे होतं, मी डोकं धुऊन आली असती!"

काकू बाहेर पडल्या. अर्ध्या तासात हळदी-कुंकवाच्या कोयऱ्या घेऊन अकरा जणी दारात. परत पाठवायची कोणाला? प्रसादाला आलेल्या बाईला दारातून परतवणं हे या गावात चहा न विचारण्याहून मोठं पाप. बाई चष्मा काढून पुसत बसल्या. त्या रागावल्या की त्यांचं शुद्ध मराठी सुटतं. मला एवढंच म्हणाल्या, "आता वाढ. काहून पाहून राह्यली?" मी चमचा चमचा वाढलं. कोणीतरी आरती सुरू केली. आणि टाळ्यांच्या मधोमध दादांचा व्हिडिओ कॉल आला.

मी घेणारच नव्हते. काकूंनी घेतला. "दादा! मुबारक हो! परत येऊन राह्यले म्हणे तुमी! बाईनं नवस फेडला पाहा!"

मग दादा म्हणाले, "मी परत येतोय असं कोणी सांगितलं?" टाळ्या थांबल्या. बाईंनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला. अकरा बायकांसमोर मुलाला ते एक वाक्य बोलावं लागलं आणि आईला ऐकावं लागलं. ते माझ्यामुळे. त्या रात्रीच त्यांचा निरोप आला: एजन्सीची बाई सोमवारी अकोल्याहून येईल. मी माझं काय ते बघून ठेवावं.

सकाळी मी वही उघडून पाहिली. आंबिलीपुढे गुण नव्हते. लिहिलं होतं: प्रसादाला गुण देत नाहीत.

शनिवारी दुपारी शेवटचं दळण घेऊन चक्कीवर गेले. जाताना घरात पीठ भरलेलं असावं, नव्या बाईला पहिल्याच दिवशी धावपळ नको, म्हणून. रमजान चालू होता. खालांचा रोजा. तरी चक्की घुरघुरत होती आणि त्या उभ्याच होत्या.

"रडून काहून राह्यली वं?"

"नाही खाला. पीठ गेलं डोळ्यांत."

"पीठ माह्या डोयात हाय. तू दारात उभी हायेस. बोल."

मी सगळं सांगितलं. हळद, निळी फुलं, वाघाचा काढा, गंज, सोमवार. खालांनी ऐकून घेतलं आणि भलताच प्रश्न विचारला.

"पयले कॉफी कोन बनवे?"

"बाईच. मी नुसतं दूध द्यायचे."

"अन् आता?"

"आता सगळं मीच करते. त्यांना काहीच करावं लागू देत नाही."

"जायफळ?"

"तेही कुलपात ठेवलंय, सगळ्या ताटलीसकट."

खालांनी चक्कीचा पट्टा तसाच फिरू दिला आणि माझ्याकडे पाहिलं. "डाक्टरनं कॉफी बंद केली. जायफळ कोनं बंद केलं? तिचा पेला कोनं बंद केला? तू! बेटा, जिनं तीस साल शाळा चालवली, तिले तू रोज सहा वाजता लेकरासारखी दवा पाजून राह्यली. गुन नाही देईन तं काय करीन?"

एवढे प्रश्न झाले, पण पहिल्यांदाच मला घाम फुटला नाही.

त्यांनी आत जाऊन मूठ दोन मूठ गहू आणला, थोडे धने. चक्कीमागच्या शेगडीवर लोखंडी तवा ठेवून भाजायला लागल्या. मंद आचेवर, हात न थांबवता. गहू आधी सोनेरी, मग तांबूस, मग काजळीच्या एक पायरी अलीकडे काळपट. बाहेर गिऱ्हाईक ओरडत होतं, "खाला, माह्यं पीठ!" त्या आतून ओरडत होत्या, "पीठ पयून नाही जात!" तोंडात काही घालता येत नव्हतं, म्हणून नुसत्या वासावर त्यांनी तवा उतरवला. दोन दाणे माझ्या हातावर ठेवले. "चाव. कडू हाय?"

"थोडं."

"थोडंच पायजे." मग खलबत्त्यात कुटून, चाळून एका जुन्या डबीत भरलं.

"खाला, बाईंना कॉफीच आहे म्हणून सांगू?"

"खोटं काहून बोलतं? गव्हाची हाय म्हनून सांग. मास्तरीन हाय ते, पकडीन तुले."

त्या संध्याकाळी पावणेसहाला मी फडताळ उघडलं. ताटली खाली काढली, पेला घासला, किसणी पुसली. खालांची डबी जुन्या डब्याच्या जागी ठेवली. दूध तापवून दिलं आणि म्हटलं, "बाई, कॉफी नाहीये. भाजलेल्या गव्हाची पूड आहे, खालांनी केलेली. तुम्हीच करून घ्या." आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

किसणीचा आवाज आला. खर्र, खर्र. मग थांबला. मग पेपर उलगडल्याचा. मी एकेक पळ मोजत होते. मग हाक आली, "ये इकडे." वही माझ्यासमोर सरकवली. साडेसात. समासात लिहिलं होतं: कॉफी नाही. चालेल.

"अर्धा कशाचा कापला बाई?"

"दूध निवलं होतं. बाकी दोन माझे, जायफळ जास्त किसलं गेलं."

एरवी मध्यरात्र उलटली तरी जाग्या असणाऱ्या बाई त्या रात्री अकराला झोपल्या. आठला नाही, नऊला नाही, व्हिडिओत दाखवतात तशा हसत हसतही नाही. पण अकराला.

सोमवारी एजन्सीच्या ताई अकोल्याहून आल्या. इस्त्रीचा ड्रेस, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. बिचाऱ्या चांगल्या होत्या, बोलणं मऊ. फाइलमध्ये संध्याकाळचा तक्ता होता: सहा वाजता कोमट पेय, दीडशे मिली, रुग्णास बसवून घोटघोट पाजणे. बाईंनी चष्मा लावून तक्ता वाचला आणि लाल पेन काढलं. तीन ठिकाणी गोल केले. मग विचारलं, "यात रुग्ण कोण?"

ताई म्हणाल्या, "आपण, मॅडम."

"अठराचा पाढा येतो?"

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. मला तो दर सोमवारी येतो, पण मधे बोलणं बरं दिसलं नसतं.

बाईंनी तिथेच दादांना फोन लावला. "हे बघ, यांना मी चहा देऊन परत पाठवते आहे. गाडीभाडं मी देईन. माझी झोप सुधारते आहे आणि माझ्या घरात कोण राहणार ते मी ठरवते." पलीकडून दादा काहीतरी शांतपणे म्हणाले. "हो, शाळा सोडलेली आहे," बाई म्हणाल्या, "मी शिकवते आहे. माझं शिकवून व्हायचं आहे अजून." मग त्यांनी फोन ठेवला. खरंच त्या ताईंना चहा दिला, आल्याचा, कडक. ताई नको म्हणत होत्या, पण त्या अकोल्याच्या, त्यांनाही ठाऊक होतं की नको म्हणून चालत नाही.

मी संध्याकाळी चक्कीवर गेले. आभार मानायचे शब्द वाटेत जुळवले होते, मोठे मोठे. खालांनी हात वर केला. "गर्दी नोको करू. राह्यली ना? मंग जाय, दूध उतू जाईन." पलीकडे अजान व्हायला थोडा वेळ होता. त्यांनी भिंतीला टेकून एक गुडघा चोळला, मग दुसरा आणि परत पट्ट्याजवळ उभ्या राहिल्या. दिवसभराच्या उपाशी, पिठाच्या धुराळ्यात, कारण रमजानात सेवया-पिठाचं दळण दुप्पट येतं आणि चक्कीवर दुसरं कोणी नाही.

म्हणून इथे लिहून ठेवते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. खाला, मी तुमच्याकडे दळण शिकायला येणार आहे. पट्टा कसा चढवायचा, चक्कीच्या दगडाला टाकी कधी लावायची, बारीक कुठलं, भरड कुठलं, सगळं. बाईंकडून दुपारचे दोन तास मी मागून घेतले आहेत. आणि एका रमजानात, पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या, पहिल्या रोज्यापासून ईदच्या चंद्रापर्यंत दुपारची चक्की मी चालवीन आणि तुम्ही घरात पाय पसरून बसाल. तुम्ही शिव्या द्याल, हे मला माहीत आहे. तरी मी दारातून हलणार नाही.